गच्चीवरचं महाबळेश्वर

छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादकडे निघालेल्या माणसाला वाटेत स्वतःच्या नावावर जगणारं ठिकाण शोधावं लागतं. शहरात बीबी का मकबरा आहे, पण तो दख्खनचा ताज. पुढं दौलताबादचा किल्ला, ती महंमद तुघलकाची दुसरी दिल्ली. घाट चढून खुलताबाद ओलांडलं की म्हैसमाळ, ते मराठवाड्याचं महाबळेश्वर. वेरूळचं लेणं तेवढं अस्सल म्हणावं, तर त्याचं नाव कैलास. एवढी परंपरा पाठीशी असलेल्या तालुक्यानं गच्चीवर स्ट्रॉबेरी लावली नसती तरच नवल.

ती लावली आहे. दिवाळी सरली की आमच्याकडे आकाशकंदील उतरतात आणि कुंड्या गच्चीवर चढतात. रंगाचे रिकामे डबे, थर्माकोलची खोकी, कापलेले पाण्याचे जार, आणि ज्यांचा मुलगा पुण्यात आहे त्यांच्याकडे ऑनलाइन मागवलेला पांढरा उभा मनोरा. प्रत्येकात एकेक रोप. रोप मातीत धड बसलेलंही नसतं, तोच त्याचा फोटो 'आपला परिवार' या गटावर येऊन पडतो. खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, चार गुलाब येतात, आणि मग बीडच्या मावशींचा प्रश्न येतो, "अगं, ही कोथिंबीर इतकी रुंद पानांची कशी?"

पहिलं फळ धरलं की मात्र गंमत राहत नाही, सोहळा सुरू होतो. फळ एक, फोटो अनेक. फळ हातात, फळ ओठांशी, फळ नातवाच्या कानाशी. एका घरी तर फळाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढला होता, आकार कळावा म्हणून. नाणं मोठं दिसत होतं. वर मजकूर असतो: 'शंभर टक्के घरची, विषमुक्त'.

घरची म्हणजे किती घरची, ते जरा पाहू. रोप महाबळेश्वर-वाईकडच्या नर्सरीतलं. ते ज्या मदर प्लांटपासून झालं, तो कॅलिफोर्नियाहून किंवा युरोपातून आणलेला. जातीचं नाव विंटर डॉन, नाहीतर स्वीट चार्ली, म्हणजे आडनावसुद्धा इकडचं नाही. कुंडीत माती नावालाच, बाकी नारळाच्या काथ्याचा भुसा, तो दक्षिणेतून दाबून वीट करून आलेला. खत पाण्यात विरघळणारं १९:१९:१९. पाणी टँकरचं. या सगळ्यात आपलं, खुलताबादचं म्हणावं असं फक्त ऊन, आणि नेमकं तेच तिला सोसत नाही.

तसं या फळाचं वयही फार नाही. १७०७ साली औरंगजेबाला नगरहून आणून खुलताबादला पुरलं, तेव्हा आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी जगाच्या पाठीवर कुठंच नव्हती. युरोपात रानात मिळणारी बारकी जात होती, अमेरिकेत दुसरी होती, पण ही टपोरी बाई जन्माला यायची होती. १७१२ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं अमेदे फ्रेझिए नावाच्या लष्करी अभियंत्याला चिली-पेरूच्या किनाऱ्यावर पाठवलं. काम होतं स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी, सोंग होतं व्यापाऱ्याचं. किल्ल्यांचे नकाशे काढता काढता याला तिथं अक्रोडाएवढाल्या स्ट्रॉबेरी दिसल्या. त्यानं रोपं उचलली. परतीचा प्रवास सहा महिन्यांचा आणि जहाजावर गोडं पाणी मोजून मिळणारं. १७१४ मध्ये तो फ्रान्सला पोचला तेव्हा पाच रोपं जिवंत होती, आणि त्यांतली दोन जहाजावरच्या कोठीवाल्याला द्यावी लागली, कारण रोपांसाठी पाणी त्यानं सोडलं होतं. स्ट्रॉबेरी आणि पाणीवाला यांचा व्यवहार इतका जुना आहे. आमच्याकडे टँकरवाल्याला अजून रोप देण्याची वेळ आलेली नाही, चहावर भागतं.

पुढची कथा त्याहून बहारीची. फ्रेझिएनं मोठ्या फळांची म्हणून निवडून आणलेली रोपं निघाली सगळी मादी. एक रोप थेट राजाच्या बागेत गेलं. तिथं माळी, पाणी, खत, देखरेख कशाला कमी नव्हतं, तरी नुसती पानं. उत्तर अमेरिकेतून आलेली व्हर्जिनियाची जात शेजारी लागली तेव्हा कुठं फळ धरलं, आणि त्या दोघींच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी झाली. हा सगळा उलगडा दुशेन नावाच्या तरुण फ्रेंच अभ्यासकानं १७६६ मध्ये केला. म्हणजे राजाच्या बागेतसुद्धा कित्येक वर्षं पानंच मोजली गेली. ज्यांच्या गच्चीवर सध्या नुसती पानं आहेत त्यांना एवढाच दिलासा. आजच्या रोपात नर-मादी एकाच फुलात असतात, त्यामुळे ही सबब घरात चालणार नाही, एवढं मात्र सांगून ठेवतो.

आता महाबळेश्वरशी बरोबरीचं पाहू. त्यांची उंची सुमारे १३७२ मीटर, म्हैसमाळची १०६७. खुलताबाद गाव त्याहूनही खाली. उंचीचं एक वेळ सोडा, भाषणात ती भरून काढता येते. पाऊस तिकडं साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, आमच्याकडं सातशे-आठशे पडला तर लोक कृष्णेला नाही, पण म्हैसमाळच्या गिरिजामातेला नारळ फोडतात. माती तिकडं तांबडी, जांभ्याची, पावसानं धुऊन धुऊन आंबट झालेली. स्ट्रॉबेरीला हेच हवं असतं, साडेपाच ते साडेसहा सामू. आमची काळी माती बेसाल्टची, चुनखडीची, सामू आठाच्या आसपास. बोअरचं पाणी तर असं की कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो. क्षार न सोसणाऱ्या पिकांची यादी केली तर स्ट्रॉबेरी त्यात पहिल्या ओळीत बसेल, आणि आमचं पाणी ज्यानं प्यायलं आहे त्याला क्षार म्हणजे काय ते सांगायला नको. घरातले नळ, गिझर आणि मूत्रपिंडं साक्षीला आहेत.

अशा मातीत लोह असतं, पण रोपाला ते उचलता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पान स्वच्छ सांगत असतं की मला लोह मिळेना. पण घरातला माळी ते वाचतो असं की रोपाला तहान लागली. तो पाणी वाढवतो. मुळं गुदमरतात, पानं आणखी पिवळी पडतात, तो आणखी पाणी वाढवतो. शेवटी कुंडीला काळी बाहुली बांधली जाते. दृष्ट कुणाची लागली यावर घरात मत विभागलेलं असतं, पण संशय बहुधा समोरच्या गच्चीवर जातो, कारण तिथली रोपं हिरवी आहेत. समोरच्यांचं गुपित एवढंच की ते पावसाळ्यात पत्र्याचं पाणी पिंपात धरून ठेवतात आणि रोपाला तेच घालतात. पावसाचं पाणी फुकट असतं, त्यामुळे त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

फुकट नसलेल्या गोष्टींवर मात्र विश्वास दांडगा. मोबाइलवर 'स्ट्रॉबेरीच्या हजार बिया, फक्त नव्व्याण्णव रुपये' अशी जाहिरात येते. त्याखाली लाल स्ट्रॉबेरीच्या जोडीला निळी, जांभळी, काळी स्ट्रॉबेरी. निळी स्ट्रॉबेरी जगात कुठल्याही शेतात लागत नाही, ती फक्त संगणकावर लागते. पण पाकीट येतं. त्यात बारीक काहीतरी असतं. ते उगवतंही. उगवून त्याची राजगिऱ्याची भाजी झाली तर नशीब चांगलं म्हणायचं, निदान जेवणात तरी उपयोग. खऱ्या स्ट्रॉबेरीचं बी उगवत नाही असं नाही, पण ही संकराची जात. बियातून आईसारखी लेक येण्याची खात्री नाही, आणि वाट पाहायची ती वेगळीच. म्हणून जगभर तिची वाढ होते ती रनरवर. रोपातून दोरीसारखा धुमारा निघतो, पुढं जाऊन जमिनीला टेकतो आणि तिथं नवं रोप मांडतो. आईची हुबेहूब नक्कल. नकलांची हौस असलेल्या आमच्या तालुक्याला ही पद्धत पटायला हवी होती. तरी लोक बियाच मागवतात.

दुसरी शाळा रीलवाल्यांची. बाजारातली स्ट्रॉबेरी घ्या, तिची साल कापून मातीवर पसरा, आठ दिवसांत जंगल. रीलमध्ये आठ दिवस आठ सेकंदांत होतात, गच्चीवर ते आठ दिवसच लागतात आणि शेवटी बुरशी निघते. तिसरी शाळा रोप खोल पुरणाऱ्यांची, 'पक्कं बसावं' म्हणून. रोपाच्या मधोमध जो जाडसर कोंब असतो, ज्याला शेतकरी क्राउन म्हणतात, तो मातीच्या बरोबर पातळीवर राहावा लागतो. खाली गेला की कुजतो, वर राहिला की वाळतो. एवढ्या एका बोटाच्या अंतरावर तिचं मरण-जगणं असतं. आमच्याकडे सगळं पक्कं पुरण्याची सवय. एका गावात इतक्या बादशहा-सरदारांच्या कबरी असल्या की पुरण्याच्या कामात हात बसतो.

फळ वेडंवाकडं आलं तर 'देशी आहे' म्हणून ते खपवलं जातं. खरं कारण वेगळं. स्ट्रॉबेरीच्या अंगावर ज्याला आपण बिया म्हणतो ते बारके दाणे हीच तिची खरी फळं, आणि लाल गर म्हणजे फुलाच्या देठाचा फुगलेला शेंडा. प्रत्येक दाणा आपल्याभोवतीचा गर फुगवतो. ज्या बाजूला पराग पोचला नाही तिथला दाणा रिकामा राहतो आणि ती बाजू आखडते. वाकडं फळ म्हणजे मधमाशी अर्धवट काम करून गेल्याची पावती. मग घरोघरी रंगकामाचा ब्रश घेऊन फुलं झाडण्याचा कार्यक्रम सुरू होतो. सकाळी दहाच्या सुमाराला निवृत्त मास्तर गच्चीवर एकेका फुलावर ब्रश फिरवताना दिसतात. ज्या हातानं हयातभर पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या त्याला आता हे नाजूक काम. मधमाशा का येत नाहीत, हे त्यांना विचारू नये. आदल्या संध्याकाळी त्यांनीच मावा पडला म्हणून फवारा मारलेला असतो, आणि कुटुंबाच्या गटावर विषमुक्त लिहिलेलं असतं.

एवढं करून फळ लाल झालं की मालक बदलतो. या गावचा भद्रा मारुती आडवा झोपलेला आहे, ही अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक असलेली गोष्ट. श्रावणातल्या शनिवारी संभाजीनगरची माणसं रात्रभर चालत त्याच्या दर्शनाला येतात. देव निजलेला असला तरी त्याची सेना मात्र पहाटेच उठते. वानरं वेरूळकडून येतात की म्हैसमाळच्या उतारावरून, कुणास ठाऊक, पण कुठली गच्ची पिकली आहे हे त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांच्या आधी कळतं. ती फळ खातात, पान चाखतात आणि न आवडल्यासारखं करून कुंडी खाली ढकलतात. मारुतीच्या गावात वानराला दगड कोण मारणार? एका काकूंनी तर हात जोडले. वानरांतून वाचलं तर बुलबुल आणि खारी. त्यावर पाश्चात्त्य बागवानांची एक युक्ती आहे: फळं धरण्याआधीच कुंडीत लाल रंगवलेले खडे ठेवायचे, पाखरं चोच मारून कंटाळतात आणि पुढं खऱ्या फळाकडे बघत नाहीत. आमच्याकडे एकानं ती केली. पाखरं फसली की नाही माहीत नाही, पाहुणे फसले.

आणि हिशेब? हा विषय कुणी काढू नये असा गच्चीवर अलिखित नियम आहे. बीबी का मकबऱ्याच्या बांधकामाचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे अशी नोंद जुन्या बखरीवरून सांगितली जाते. ताजमहालाची स्वस्तातली आवृत्ती म्हणून त्या इमारतीला हसणाऱ्यांनी एवढं बघावं की सात आणेसुद्धा मांडून ठेवले होते. आमच्या गच्चीवर मनोरा, काथ्या, खत, जाळी, ब्रश, टँकर यांची बेरीज करून तिला आलेल्या फळांनी भागावं, तर दर फळामागं जो आकडा येईल तो घरात मोठ्यानं वाचता येणार नाही. नीट सांभाळलेल्या शेतात एक रोप हंगामात पाव ते अर्धा किलो देतं. गच्चीवर ते काय देतं, हे रोप आणि रुपयाचं नाणं यांनाच ठाऊक.

पोरांचं वेगळंच. एवढ्या तपश्चर्येचं फळ नातवाच्या तोंडात घातलं, तर तो म्हणतो, "आजोबा, ही स्ट्रॉबेरीसारखी लागत नाही." त्याचंही खरं आहे. त्याला ठाऊक असलेली स्ट्रॉबेरी आइस्क्रीमची, बिस्किटाच्या क्रीमची, खोकल्याच्या औषधाची. ती प्रयोगशाळेत होते, तिला वानर लागत नाही.

सगळ्यात करुण प्रकार मार्चनंतरचा. आल्यावर चार महिने घरभर कौतुक आणि मुक्काम लांबला की सगळ्यांची पंचाईत, हे तिचं अगदी जावयासारखं. दिवस लहान आणि रात्री गार असतात तोवर ती फुलं धरते. ऊन चढलं की फूल थांबतं, कुंडीची बाजू तापते, मुळं शिजतात. मग हिरवी जाळी येते, ओलं गोणपाट येतं, आणि एप्रिलच्या दुपारी कुलरसमोर कुंडी नि व्हरांड्यात आजोबा असं दृश्य दिसतं. तिला वाचवायचं असतं, पुढच्या वर्षासाठी. इथं एक गोष्ट कुणी सांगत नाही. खुद्द महाबळेश्वरचा शेतकरीसुद्धा जुनं रोप जपत बसत नाही. त्याचे मदर प्लांट पावसाळ्याच्या तोंडावर येतात. महाबळेश्वरचा पाऊस त्यांनाही सोसत नाही, म्हणून रोपवाटिका खाली वाईच्या बाजूला. तिथं रनर पिशव्यांत धरून रोपं तयार होतात, पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर, ठिबक नि मल्चिंग पेपरवर लागतात, नोव्हेंबर-डिसेंबरात तोडा सुरू होतो आणि उन्हाळ्यात खेळ संपतो. दरवर्षी नवं रोप, नवा खर्च. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या फळामागं असा सालोसालचा जुगार आहे. भिलारसारख्या स्ट्रॉबेरीच्या गावात २०१७ पासून घरोघरी पुस्तकंही ठेवली आहेत, पुस्तकांचं गाव म्हणून. बहुधा भाव पडल्यावर वाचायला.

तुघलकानं १३२७ मध्ये दिल्ली उपटून दौलताबादला लावली, तो या मुलखातला रोपं लावण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग. राजधानी रुजली नाही, थोड्याच वर्षांत परत गेली. पण त्या वेळी आलेल्यांपैकी बुऱ्हानुद्दीन गरीब इथंच राहिले, १३३७ मध्ये इथंच गेले, आणि त्यांच्यासारख्यांमुळे या टेकडीला गाव मिळालं. फरक एवढाच की ते इथल्या उन्हाळ्यालाही थांबले. त्यांच्या दर्ग्याची एक आख्यायिका जुन्या गॅझेटियरातही आहे. शिष्यांची खायची भ्रांत झाली तेव्हा फरशीतून चांदीची झाडं उगवली, रोज थोडी तोडावी आणि विकून गुजराण करावी. फरशीवरचे चांदीचे ठिपके लोक अजून दाखवतात. या गावात टँकरशिवाय आलेलं आणि बाजारात हमखास भाव मिळालेलं पीक म्हणून मला तेवढं एकच माहीत आहे. बागा इथं होत्या, नाही असं नाही. बनी बेगमेची भिंतीतली बाग आहे, पाण्याच्या नाल्या आहेत, कारंजी आहेत. कारंज्यांतून आता पाणी उडत नाही. पाण्याची सोय आधी आणि रोपं नंतर, हा क्रम तिच्या माळ्यांना कळत होता, एवढं त्या नाल्या पाहून कळतं.

कुणी म्हणेल, मग चिखलदऱ्याला स्ट्रॉबेरी कशी येते? मोथ्याचे शेतकरी लावतातच की. सुरगाण्याकडचे आदिवासी शेतकरी सापुताऱ्याच्या रस्त्यावर विकतातच की. येते, आणि त्यांचं कौतुकच आहे. चिखलदऱ्याला पाऊस आमच्या जवळपास दुप्पट, सुरगाण्याला तर विचारू नका, आणि दोन्हीकडं गिऱ्हाईक स्वतः गाडी घेऊन बांधावर येतं. शिवाय त्यांनी ती शेतात लावली, पोट त्यावर ठेवून लावली. झाशीच्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीनं आधी घरी आणि मग शेतात स्ट्रॉबेरी केली, म्हणून जानेवारी २०२१ च्या 'मन की बात'मध्ये तिचा उल्लेख झाला. तेव्हापासून आमच्याकडच्या काही गच्च्यांनी रेडिओ लावून ठेवला आहे.

या धांदलीत तालुक्याच्या स्वतःच्या पिकाला मात्र कुणी फोटोत घेत नाही. खुलताबादची अद्रक बाजारात नाव कमावून आहे. तिचा भाव चढला तर शेतकरी गाडी घेतो, पडला तर गाडी विकतो, पण कुणी तिला गच्चीवर लावून 'घरची' म्हणत मिरवत नाही. दौलताबादच्या घाटात सीताफळं आणि जांब घेऊन माणसं बसतात. जांब म्हणजे पुण्याच्या लोकांचा पेरू. त्या झाडांना काथ्याचा भुसा लागत नाही, ब्रश लागत नाही, कुलर तर नाहीच. सीताफळ किल्ल्याच्या डोंगरात दगड फोडून येतं. घाटातल्या एका जांबवाल्या चाचांना मी विचारलं, "चाचा, तुम भी स्ट्रॉबेरी रखो ना, टूरिस्ट लेते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एक जांब कापला, मीठ-तिखट लावून हातात दिला आणि म्हणाले, "साब, वो देखने का मेवा है. ये खाव." वीस रुपये घेतले.

तरीसुद्धा गच्चीवाल्यांच्या बाजूनं एक खरा मुद्दा आहे, आणि तो त्यांच्यातलं कुणीच मांडत नाही. सीताफळ कच्चं उतरवून धान्यात दडपलं तरी पिकतं. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. ती देठावरून तुटली की तिची गोडी तिथंच थांबते. रंग चढेल, मऊ पडेल, गोड होणार नाही. महाबळेश्वरहून पनेटच्या डब्यांत भरून खुलताबादच्या गाड्यावर पोचायची म्हणजे तिला पुरती लाल व्हायच्या आधीच तोडावं लागतं. देठाशी पांढरी राहिलेली, आंबटढाण स्ट्रॉबेरी आपण खातो ती यामुळे, त्यात विक्रेत्याची लबाडी नाही. देठापर्यंत लाल होऊ देऊन सकाळी गार असताना तोडलेलं फळ मिळण्याचा आमच्या भागात एकच मार्ग आहे, स्वतःची कुंडी. वर्षाला मूठभर फळं मिळतील, पण ती बाजारात कुठल्याही भावानं मिळत नाहीत.

तेव्हा लावायचीच असेल तर शेतीच्या आणि विषमुक्तीच्या गप्पा सोडून हौस म्हणून लावा. ऑक्टोबरात पिशवीतली रोपं घ्या, क्राउन मातीच्या पातळीवर ठेवा, कुंडीत काळी माती कमी आणि शेणखत-काथ्या जास्त ठेवा. पावसाळ्यातलं पाणी पिंपभर धरून ठेवलं असेल तर तेच घाला, नसेल तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत हा विषय लांबवा. फुलं आल्यावर फवारा मारू नका, वरून जाळी बांधा. मार्चअखेर रोप उपटून खतात टाका, त्याचं सुतक पाळू नका. कुंडी रिकामी झाली की पावसाळ्यात त्यात अद्रकीचा एक तुकडा खुपसा, चहाची सोय होईल. आणि बिया विकत घेऊ नका. निळ्या तर नाहीच नाही.